प्रिंट गॅलरीतून विकाव्यात की थेट संग्राहकाला?

फोटोग्राफर विचारतात ते आधी कमिशनचं. गॅलरी साधारण 40 ते 50 टक्के घेते. समजा, 16 बाय 24 इंचांची प्रिंट 20,000 रुपयांना गेली. निम्मे गॅलरीचे. कॉटन पेपरवरची छपाई, माउंट आणि फ्रेम यांचे 7,000 धरले तर तुमच्या हाती 3,000. तीच प्रिंट फ्रेमशिवाय थेट दिली आणि छपाई, पॅकिंग, कुरिअरला 5,000 लागले, तर 15,000 उरतात.

तरी गॅलरीचं कमिशन फुकटचं नाही. घेणाऱ्याला खरी काळजी असते ती आवृत्तीची, म्हणजे एका फोटोच्या एकूण किती प्रिंट काढणार याची: 10 म्हणालात, तर अकरावी प्रिंट निघणार नाही ना? जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्कीच्या ‘ऱ्हाइन 2’ या फोटोची आवृत्ती फक्त 6 प्रिंटची; त्यातल्या एकीला 2011 साली लिलावात 43 लाख डॉलरच्या वर किंमत आली. नवख्या फोटोग्राफरच्या वतीने ही हमी गॅलरी आपल्या नावावर देते. थेट विकताना ती तुम्हालाच द्यावी लागते. पांढऱ्या समासात पेन्सिलीने 3/10 (दहांतली तिसरी) आणि सही, सोबत प्रमाणपत्र, आणि कुठली प्रिंट कधी, कोणाकडे गेली याची वही.

थेट विक्रीत हमालीही आपलीच. मोठा कागद एका हाताने उचलला की अंगठ्यापाशी अर्धचंद्रासारखी चुणी पडते आणि ती कधीच जात नाही. माझी एक 4/10 अशीच गेली. ती फाडली, त्याच क्रमांकाची नवी छापली, वहीत तसं लिहिलं आणि घेणाऱ्यालाही सांगितलं. त्याच गृहस्थांनी पुढे आणखी दोन प्रिंट घेतल्या. गॅलरीतून गेलेली प्रिंट कोणाच्या भिंतीवर आहे, हे मला बहुतेकदा कळतच नाही. थेट विक्रीकडे माझा कल आहे तो मुख्यतः यासाठी. पावसाळ्यात मात्र मी नळकांड्यातून प्रिंट पाठवत नाही. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट, आत ॲसिड-फ्री कागद, बाहेर प्लास्टिक.

मधला रस्ताही आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी आठवडाभर हॉल भाड्याने घ्यायचा आणि स्वतः उभं राहायचं. भाड्याची जोखीम तुमची, पण लोक प्रिंटपाशी नाक नेऊन बघतात आणि तिथेच प्रश्न विचारतात.

गॅलरीला प्रिंट द्याल तेव्हा कागदावर लिहून घ्या: किती महिने ठेवणार, विकल्यावर किती दिवसांत पैसे, खराब झाली तर भरपाई कोणाची. आणि गॅलरीत 20,000 ला लावलेली प्रिंट घरून 14,000 ला देऊ नका. गॅलरीला ते कळतं, आणि पूर्ण पैसे मोजलेला माणूस पुन्हा तुमच्याकडे फिरकत नाही.

पहिलीच आवृत्ती असेल तर लहान आकाराच्या प्रिंट थेट विका, असं मी सांगेन. दोन्ही आकारांची संख्या मात्र सुरुवातीलाच जाहीर करा. मोठ्या आकाराच्या प्रिंट गॅलरीकडे द्या. 40 बाय 60 इंचांची फ्रेम टेम्पोतून न्यायची, चौथ्या मजल्यावर चढवायची, पातळी बघून भिंतीला लावायची, हे त्यांच्या माणसांचं रोजचं काम आहे.