फिनिक्सच्या उन्हातला पॅटिओ: तीन कोटिंगं, एक अख्खा उन्हाळा

निकाल आधी सांगते, हकीकत मागाहून. पॅटिओ म्हणजे घराला लागून असलेलं आमचं कोब्याचं अंगण. त्याच्या छपराखालच्या भागाला पॉलिअ‍ॅस्पार्टिक (लवकर घट्ट होणारं प्लास्टिकसारखं कोटिंग) आणि त्यात रंगीत चिप्स, म्हणजे रंगाच्या बारीक टिकल्या: समाधान आहे. उघड्या भागाला आत मुरणारा सिलेन-सिलॉक्सेनचा (पाणी झिडकारणाऱ्या रसायनांचा) रंगहीन सीलर: पैसे वसूल, पण पाय पूर्वीइतकेच पोळतात. स्विमिंग पूलच्या कडेला फिक्या रंगाचं खरबरीत अ‍ॅक्रिलिक (रंगासारखा थर धरणारं कोटिंग): अनवाणी चालायला तेवढंच बरं, आणि सगळ्यात जास्त लाड तेच करून घेतं.

आम्ही अ‍ॅरिझोनात चँडलरला राहतो, फिनिक्सच्या आग्नेयेला. पॅटिओ पश्चिमेकडे उघडा. इथला उन्हाळा ज्यांनी काढलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की २०२३ साली जून सरता सरता पारा ११० फॅरनहाइटवर म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे गेला आणि सलग ३१ दिवस तिथे पोचतच राहिला. तेव्हा आमचा कोबा उघडाच होता. वरून भुकटी सुटायची, स्प्रिंकलरच्या जड पाण्याने कडेला पांढरा लोणा धरायचा, आणि दिवाळीतल्या रांगोळीचे, हळदीकुंकवाचे, पणत्यांच्या तेलाचे डाग पुढच्या दिवाळीपर्यंत मुक्कामाला असायचे.

कोटेशनं मागवली तेव्हा निम्म्या लोकांनी इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं राळेचं कोटिंग) सुचवलं. गॅरेजात ते उत्तमच, पण नेहमीचं इपॉक्सी अतिनील किरणांत पिवळं पडतं आणि पुढे त्याची खडूसारखी पूड सुटायला लागते. हे माल वाईट म्हणून होत नाही, त्याच्या रेणूंची घडणच तशी आहे. पॉलिअ‍ॅस्पार्टिक किंवा अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन हे उन्हात रंग टिकवतात. म्हणून ठेकेदाराला मी एकच प्रश्न विचारत गेले: सगळ्यात वरचा थर कशाचा? ज्यांनी 'मॅडम, सगळं सेमच असतं' छापाचं उत्तर दिलं त्यांना परत फोन केला नाही.

काम नोव्हेंबरात करून घेतलं, आणि माझ्या मते वाळवंटात हा मुहूर्त मालाच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचा आहे. शेजाऱ्यांनी मे महिन्यात चकचकीत सॉल्व्हंटवालं अ‍ॅक्रिलिक मारून घेतलं होतं. आठवड्याभरात सगळीकडे बारीक फोड. तापलेल्या काँक्रीटवर वरची साय लगेच धरते, आतलं सॉल्व्हंट अडकतं आणि फुगून वर येतं. शिवाय सकाळी स्लॅब (म्हणजे जमिनीवरचा हा काँक्रीटचा थर) तापत जातो तशी त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थराला खालून ढकलते. त्यामुळे स्लॅब निवत असताना, दुपार कलल्यावर थर दिलेला बरा. डब्यावर लिहिलेली कमाल तपमानाची अट हवेच्या आकड्याकडे बघून ठरवू नका, जमिनीचं तपमान मोजा. उन्हातली फरशी हवेपेक्षा सहज पंधरा-वीस सेल्सिअसने जास्त तापलेली असते. पॉलिअ‍ॅस्पार्टिकची आणखी गंमत अशी की ते मुळात घाईचं आहे. उष्णतेत बादलीतच घट्ट व्हायला लागतं, आणि घाईत पसरलेला थर कुठे जाड कुठे पातळ होतो.

त्याआधी ओल तपासली. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा, किमान सोळा तास ठेवायचा, आणि उचलून खाली घाम किंवा काळपटपणा दिसतो का ते बघायचं. वाळवंटात कसली ओल, असं वाटतं. पण लॉनला आणि झाडांना रोज पाणी घालणाऱ्या घरात स्लॅबखाली ती असते. आमच्याकडे छपराखाली कोरडं निघालं, लॉनच्या बाजूला प्लास्टिकखाली थेंब जमले. तिथे बंद थराचं कोटिंग द्यायचं नाही हे तेव्हाच ठरलं, कारण खालून येणारी वाफ असा थर उचलते आणि पोपडे निघतात. आत मुरणारा सीलर पृष्ठभागावर थर धरत नाही, त्यामुळे वाफेला बाहेर यायला वाट राहते.

आता मुख्य मुद्दा, पाय पोळण्याचा. जाहिरातींत 'थंड कोटिंग' हा शब्द इतका सैल वापरतात की चीड येते. कागदाएवढा पातळ थर उष्णता अडवू शकत नाही. ऊन किती परतवलं जातं यावर सगळं अवलंबून, आणि ते बहुतेक रंगावर ठरतं. नवऱ्याने इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन उन्हाळाभर हा उद्योग केला. जुलैत हवा ४४ सेल्सिअस असताना, दुपारी तीनच्या सुमारास, रंगहीन सीलर लावलेला कोबा ६२च्या आसपास होता. मुद्दाम तसाच सोडलेला कोपराही तेवढाच. वाळूच्या रंगाचं अ‍ॅक्रिलिक ५३. छपराखाली सावलीतल्या चिप्स ४३-४४, पण संध्याकाळी पाचला पश्चिमेचं ऊन आत शिरलं की त्याच करड्या-तपकिरी चिप्स साठीच्या पुढे गेल्या. शेवटी तिथे चिकाचा पडदा सोडला आणि प्रश्न मिटला. साठ अंश म्हणजे काही सेकंदांत भाजणारी जमीन. इथल्या दवाखान्यांत दर उन्हाळ्यात रस्त्यावर पडून भाजलेली माणसं येतात. लहान मुलं आणि कुत्री असलेल्या घरांनी तरी चमक आणि नक्षीच्या आधी हा आकडा बघावा. 'ओला लुक' देणारे सीलर तर रंग गडद करून आगीत तेलच ओततात.

मग पांढराशुभ्रच का नको? फिनिक्स महापालिकेने २०२०पासून काही रस्त्यांवर ऊन परतवणारा फिका थर दिला आणि अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने तो मोजला. भर दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग साधारण १० ते १२ अंश फॅरनहाइटने कमी तापला, पण त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर येणारी उष्णता मात्र साडेपाच अंशांनी वाढली. परतलेलं ऊन कुठेतरी जाणारच. आमच्याकडे ते काचेच्या सरकत्या दारातून थेट स्वयंपाकघरात आलं असतं, म्हणून वाळूच्या रंगावर थांबलो. डोळेही दिपत नाहीत.

सीलर आम्ही स्वतःच मारला, बागेच्या पंपाने. सोपं काम आहे, पण काचा आणि झाडं आधी झाका. हा सीलर काचेवर उडाला की धुरकट डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत. एका गॅलनमध्ये आमच्या झाडू फिरवलेल्या खरबरीत कोब्याचे शंभर-सव्वाशे चौरस फूट झाले. पाण्याचे थेंब अजून मोत्यासारखे उभे राहतात, लोणा जवळजवळ गेला, कुंकू धुतल्यावर निघतं. तेलापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. हा पाणी झिडकारणारा सीलर आहे, फोडणीचं तेल सांडलं तर ते मुरणारच. पणत्या म्हणूनच आता छपराखाली. आणि एक गोष्ट कोणताही विक्रेता आपणहून सांगत नाही: हा सीलर एकदा मुरला की त्यावर पुढे रंगाचं कोटिंग नीट धरत नाही. विचार बदलला तर वरचा पापुद्रा ग्राइंडरने काढूनच सुरुवात करावी लागते.

पावसाळा इथे कागदोपत्री १५ जून ते ३० सप्टेंबर. पाऊस नावाला, धूळ मात्र मुबलक. धुळीची भिंत येऊन गेल्यावर पॉलिअ‍ॅस्पार्टिक पाइपने दोन मिनिटांत धुऊन निघतं. पूलकडचं खरबरीत अ‍ॅक्रिलिक धूळ गिळून बसतं, त्याला ब्रश हवाच. पण ओल्या पायाने घसरायला होत नाही ते त्याच खरबरीतपणामुळे, तेव्हा तक्रार कशी करणार? चिप्सवरच्या शेवटच्या थरात मात्र घसरण रोखणारी बारीक पूड घालायला आधीच सांगा, नंतर घालता येत नाही.

अ‍ॅक्रिलिकवर रबरी तळाचं पायपुसणं ठेवलं होतं, त्याखाली थर मऊ पडून पिवळसर चौकोन उमटला. कुंडीखालीही ओल अडकून पांढुरकं वर्तुळ झालं, म्हणून तुळस आता लोखंडी स्टँडवर आहे. सासूबाई मेमध्ये आल्या होत्या, त्यांनी चादर अंथरून कुरडया घातल्या आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्या कडकडीत. कोटिंगशी याचा संबंध नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

खर्चाचं म्हणाल तर चिप्सच्या कामाची कोटेशनं चौरस फुटाला ६ ते ९ डॉलर आली, ग्राइंडिंग (कोटिंगआधी कोबा यंत्राने घासणं) धरून. ग्राइंडिंगऐवजी नुसतं अ‍ॅसिड मारून देतो म्हणणाऱ्याचं कोटेशन स्वस्त होतं, ते घेतलं नाही. सीलरचा खर्च त्यापुढे किरकोळ. अ‍ॅक्रिलिकला दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल. पूलच्या पायऱ्यांजवळ ते आत्ताच झिजलेलं दिसतंय. आमच्या ठेकेदाराची पंधरा वर्षांची वॉरंटी ऐकायला झकास, पण बारीक अक्षरांत खालून येणारी ओल, स्लॅबच्या भेगा आणि रंग उडणं हे तिन्ही वगळलेलं आहे. सही करण्याआधी तेवढं पान वाचाच.