युद्धातला काळप्रवास: 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' घ्यावी की 'ब्लॅकआउट'?

महायुद्ध आणि काळप्रवास एकत्र असलेली एखादी चांगली कादंबरी सांगा, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. २०२५ च्या मे महिन्यानंतर जरा जास्तच. भारत-पाकिस्तान संघर्षातल्या ८ तारखेच्या त्या रात्री कूलरच्या घरघरीवर टीव्हीचा आवाज चढवून आपण सगळे बसलो होतो, आणि कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं काही वाहिन्यांनी सांगूनही टाकलं होतं. प्रत्यक्षात तसं काहीच झालेलं नव्हतं. लढाई चालू असताना माणसाला नेमकं काय कळतं आणि पुढे त्याचाच इतिहास कसा बनतो, हा विषय तेव्हापासून आमच्या नागपुरातल्या धरमपेठेतल्या वाचनगटात ठाण मांडून बसला आहे.

या प्रश्नासाठी माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे. एकीकडे कर्ट व्हॉनेगटची १९६९ ची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह', दुसरीकडे कॉनी विलिसची 'ब्लॅकआउट' आणि 'ऑल क्लिअर' ही २०१० ची जोडी. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' मी इथे मोजत नाही, कारण ती कथा आहे, एका बैठकीत होते. वाचली नसेल तर मात्र आधी ती वाचा. विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर, एवढ्याशा फटीतून नारळीकर अख्खा वेगळा हिंदुस्थान दाखवतात.

व्हॉनेगटची बाजू भक्कम आहे. हा माणूस स्वतः अमेरिकन युद्धकैदी म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये वरून बॉम्ब पडत असताना तो कत्तलखान्याच्या तळघरात होता, आणि नंतर ढिगाऱ्यांतून प्रेतं काढायचं काम त्याला करावं लागलं. त्याचा नायक बिली पिलग्रिम काळाच्या धाग्यावरून निसटलेला आहे. आत्ता युद्धात, मग म्हातारपणात, मग परग्रहावर, आणि कधी कुठे जायचं हे त्याच्या हातात नाही. युद्ध भोगून आलेल्या माणसाचं मन असंच भरकटत असणार, हे पटतं. पुस्तक छोटं आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. त्यातला एक प्रसंग तर मी कुणालाही उघडून वाचायला देतो: बिली युद्धाचा एक चित्रपट उलटा बघतो. आगी विझत जातात, बॉम्ब जमिनीवरून उठून विमानांच्या पोटात शिरतात, विमानं पाठमोरी उडत घरी जातात, कारखान्यांत बायका ते बॉम्ब सुटे करतात आणि त्यातली द्रव्यं पुन्हा जमिनीत पुरली जातात, कुणाला इजा होऊ नये म्हणून. एवढं अर्धं-पाऊण पान लिहायला लेखकाला किती वर्षं आतून जळावं लागलं असेल!

तरीही माझं पारडं या पुस्तकाकडून ढळलं, ते एका आकड्यामुळे.

ड्रेस्डेनमध्ये १,३५,००० माणसं मेली, असं ही कादंबरी सांगते. हा आकडा ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्व्हिंगच्या १९६३ च्या पुस्तकातून आलेला आहे. त्याच अर्व्हिंगने १९६६ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून मान्य केलं, की नव्याने हाती आलेली कागदपत्रं याहून खूपच कमी मृत्यू दाखवतात. पुढे ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये निष्कर्ष दिला: जास्तीत जास्त २५,०००. आकडे फुगवण्याची सुरुवात तर नाझींच्या प्रचारानेच केली होती. मृतांचा २०,२०४ हा अहवालातला आकडा पुढे एक शून्य चिकटवून २,०२,०४० म्हणून फिरला.

पंचवीस हजार माणसं म्हणजे काही थोडी नव्हेत. व्हॉनेगटने खोटं लिहिलं असंही मी म्हणत नाही, त्याच्या हातात जे होतं ते त्याने घेतलं. पण आमच्या गटात एका हुशार मुलाने हा आकडा ठासून मांडला, त्याची तुलना हिरोशिमाशी केली, आणि खोलीतले सगळे गप्प झाले. का? तर कादंबरीत आहे म्हणून, आणि लेखक तिथे होता म्हणून. तळघरात असलेल्या माणसाला वर किती मेले हे कसं कळणार, हे कुणीच विचारलं नाही. पुस्तकही ते विचारू देत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर 'So it goes' हे तेच तीन शब्दांचं पालुपद येतं आणि वाचक मान डोलावून पुढे सरकतो. ज्या पुस्तकाकडे मी 'युद्धात इतिहास कसा दिसतो' हे शोधायला गेलो, त्यानेच युद्धातली एक अफवा माझ्या मित्रांच्या डोक्यात पक्की करून ठेवावी, हे मला आजही सलतं. आपण नागपूरकर सीताबर्डीच्या टेकडीखालून रोज जातो. तिथल्या १८१७ च्या इंग्रज-भोसले लढाईबद्दल मी शाळेत जे शिकलो ते जवळजवळ सगळं जिंकणाऱ्यांच्या कागदांतून आलेलं होतं, त्यामुळे अशा आकड्यांबाबत मी कदाचित जास्तच हळवा असेन.

विलिसकडे वळलो तेव्हा नेमकी हीच शंका तिथे कथेच्या गाभ्यात बसलेली दिसली. २०६० मधले ऑक्सफर्डचे इतिहासकार दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष जाऊन निरीक्षण करतात. पॉली लंडनच्या दुकानात विक्रेती होते, आयलीन खेड्यात पाठवलेल्या शहरी मुलांना सांभाळते, माइक डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांच्या सुटकेची नोंद करायला डोव्हरला निघतो. आणि मग परतीचे दरवाजे उघडेनासे होतात. कोणत्या रात्री बॉम्ब कुठे पडणार हे पॉलीला तोंडपाठ आहे, पण गिऱ्हाइकाचं पुडकं कागद-सुतळीने नीट बांधता येत नाही. हा तपशील मला फार आवडला. इतिहास माहीत असणं आणि त्या दिवसात जगणं यांतलं अंतर त्या वेड्यावाकड्या पुडक्यात दिसतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे, या पुस्तकात कागदावरच्या माहितीवर कुणी आंधळा विश्वास ठेवत नाही. १९४४ च्या एका धाग्यात इंग्लंडच्या केंटमध्ये रबरी रणगाडे हवा भरून उभे केले जातात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत खोट्या बातम्या पेरल्या जातात, दोस्तांची स्वारी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेला होणार असं जर्मनांनी समजावं म्हणून. हे खरोखर घडलेलं आहे. जर्मनांचे व्ही-वन हे उडते बॉम्ब नेमके कुठे पडले याचीही दिशाभूल करणारी माहिती ब्रिटिशांनी जर्मनांपर्यंत मुद्दाम पोचवली होती. म्हणून कादंबरीत रुग्णवाहिका चालवणाऱ्या इतिहासकार मुलीला धास्ती पडते: माझ्या डोक्यातली यादी खऱ्या ठिकाणांची आहे, की त्या पेरलेल्या माहितीची? चूक असेल तर आपण गाडी सरळ बॉम्बखाली नेतोय. व्हॉनेगटच्या पुस्तकाने मला जो प्रश्न विचारू दिला नाही, तो इथे एका मुलीच्या जिवावर बेतलेला आहे.

दोष आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. दोन्ही भाग मिळून हजारावर पानं होतात. माणसं एकमेकांना शोधत थोडक्यात चुकतात, पुन्हा शोधतात, पुन्हा चुकतात. दुसऱ्याला काळजी नको म्हणून महत्त्वाच्या गोष्टी लपवतात, आणि त्यात पन्नास-पन्नास पानं जातात. नेबुला आणि ह्यूगो हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकाला एका कडक संपादकाची गरज होती, असं मला वाटतं. पहिला भाग तर चालत्या गाडीतून उतरवल्यासारखा मध्येच तुटतो.

तेव्हा हाताशी वेळ कमी असेल, किंवा युद्धाने माणसाच्या मनाचं काय होतं एवढंच हवं असेल, तर व्हॉनेगट खुशाल घ्या. फक्त तो आकडा तिथेच ठेवून या. पण शेवट माहीत नसताना माणसं रोज सकाळी उठून दुकान कशी उघडतात, आणि त्यांना काय खरं, काय खोटं सांगितलं जातं, हे जाणून घ्यायचं असेल तर विलिस घ्यावी असं मी सुचवीन. दोन्ही भाग एकदमच मागवा. सुरुवातीची ऑक्सफर्डमधली धावपळ कंटाळवाणी वाटली तर भराभर उलटा आणि माइक डंकर्कच्या गडबडीत अडकतो तिथपर्यंत पोचा. तिथेही पुस्तकाने धरून ठेवलं नाही, तर ते तुमच्यासाठी नाही असं समजायला हरकत नाही.