‘यादीत तुमचं नाव वर आहे’ म्हणणाऱ्या शोरूमपासून सावध

मोजक्याच संख्येत निघणारी एक स्पोर्ट्स कार छापील किमतीत देतो, असं सांगून एका शोरूमने मला वर्षाहून जास्त काळ झुलवलं. माझी ऑर्डर वापरून गाडी बनवून घेतली आणि दुसऱ्याला विकली. शोरूमचं आणि गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रकार एका दुकानापुरता नाही. तो चालतो कसा हे कळलं, तरच पुढच्याचे पैसे वाचतील.

गाडी जाहीर होताच मी चौकशी केली. सेल्स मॅनेजर म्हणाले, “साहेब, यादीत तुमचं नाव वर आहे. फक्त कंपनी जुन्या गिऱ्हाइकांना आधी देते. आमच्याकडून एखादी गाडी घेतलेली असली की तुमची फाइल भक्कम होते.” यावर विश्वास बसतो, कारण यातलं अर्धं खरं असतं. फेरारीने २०१३ साली लाफेरारी ही स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा त्या ४९९ गाड्या आधीपासूनच्या निवडक गिऱ्हाइकांसाठीच होत्या. फोर्डने २०१६ मध्ये जीटी या स्पोर्ट्स कारसाठी अर्ज मागवले, तेव्हा पहिल्या ५०० गाड्यांसाठी ६,५०६ पूर्ण भरलेले अर्ज आले आणि त्यातून गिऱ्हाईक कंपनीने निवडलं. पण तिथे निवड करणारी कंपनी होती. माझ्या बाबतीत निवडणारे होते सेल्स मॅनेजर, आणि निवड झाल्याचा कागद कुठेच नव्हता. त्यांच्या शब्दावर मी एक साधी सेडान घेतली, जिची मला काडीची गरज नव्हती, आणि स्पोर्ट्स कारसाठी डिपॉझिट भरलं.

त्या डिपॉझिटची पावती आजही माझ्याकडे आहे. तीवर तीन वाक्यं आहेत: रक्कम सदर मॉडेलमधील स्वारस्यापोटी स्वीकारली, वाटप उपलब्धतेनुसार, किंमत वितरणाच्या वेळी लागू असेल ती. गाडी तुमची आहे असं यातलं एकही वाक्य म्हणत नाही, आणि किमतीचा रकाना कोरा आहे. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “सिस्टिममध्ये किंमत अजून टाकता येत नाही. पण छापील किमतीतच देणार, शब्द देतो.”

मग स्क्रीनसमोर बसवून त्यांनी माझ्याकडून गाडी ठरवून घेतली. गडद हिरवा रंग, सीटना चामड्याऐवजी चौकडीचं कापड, त्यावर पिवळी शिवण, मॅन्युअल गिअर. पुढचा भाग उचलणारी यंत्रणा मी वगळली, वजन वाढू नये म्हणून. वर्षभर गाडी विकणार नाही, अशा हमीपत्रावर सहीही घेतली. मला ती अट रास्तच वाटली. फोर्डने जीटीसाठी चोवीस महिन्यांची अट घातली होती आणि ती मोडली म्हणून २०१७ मध्ये कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीनावर दावा लावला होता; पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. पोर्शेने ९११ एस/टीच्या फक्त १,९६३ गाड्या काढल्या आणि अमेरिकेत पहिलं वर्ष ती लीजवरच, म्हणजे भाडेकरारावरच दिली. दलालांना आवर घालायला हे हवंच. पण माझ्या हमीपत्रात बंधन एकट्या माझ्यावर होतं. शोरूमने ती गाडी मलाच द्यावी, असं त्यात कुठेही नव्हतं.

त्यानंतर टोलवाटोलवी सुरू झाली. कारखान्यात उशीर, बोटीला उशीर, मॅनेजर सुट्टीवर. एके दिवशी फोन आला: गाडी आली आहे, पण ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’, म्हणजे छापील किमतीवर जादा रक्कम, लागेल, शिवाय पेंट प्रोटेक्शन आणि वाढीव वॉरंटी घ्यावीच लागेल. सगळं धरून आकडा छापील किमतीच्या दीडपटीजवळ जात होता. “दुसरं गिऱ्हाईक तयार बसलंय, संध्याकाळपर्यंत सांगा.” मी नाही म्हटलं.

काही आठवड्यांनी एका जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या जाहिरातीत तीच गाडी दिसली. गडद हिरवी, चौकडीची सीट, पिवळी शिवण, पुढचा भाग उचलण्याचं बटण नाही. मीटरवर चाललेलं अंतर नगण्य, आणि नंबर प्लेटच्या चौकटीवर त्याच शोरूमचं नाव. फोटो मोठा करून मी ती शिवण कितीतरी वेळ बघत राहिलो. संताप आला, अजूनही येतो.

कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे आणि आमची किंमत ही शिफारस आहे. बऱ्याच बाजारांत कायदा खरोखर असाच आहे, त्यामुळे जास्त किंमत मागणं एवढ्यावरून डीलरला पकडता येत नाही. माझ्या मते फसवणूक वेगळ्या जागी आहे. छापील किमतीचं गाजर दाखवून दुसरी गाडी गळ्यात मारली, ही फसवणूक. कोटा एकदोन गाड्यांचा असताना त्याहून जास्त लोकांचं डिपॉझिट धरून ठेवायचं, हीसुद्धा. अशा शोरूममधली ‘यादी’ म्हणजे शेवटच्या क्षणी बोली वाढवायला हाताशी ठेवलेली माणसं.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा: या मॉडेलची गाडी कंपनीने तुम्हाला मंजूर केली आहे का? केली असेल तर माझ्या नावाची कारखान्याची ऑर्डर आणि तिचा नंबर दाखवा. तो नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे स्वतः पडताळून घ्या. किंमत आकड्यात लिहून घ्या, आणि त्यावर काहीही सक्तीचं लागणार नाही हेही. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल ते पावतीवरच हवं. आणि ‘आधी ही गाडी घ्या’ असं म्हणाले, तर त्या बदल्यात काय देणार ते सहीशिक्क्यानिशी मागा.

ऑन, म्हणजे छापील किमतीवर जादा पैसे, देऊन गाडी घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. मी नको म्हणतो. पोर्शेची ९११ आर २०१६ मध्ये आली, फक्त ९९१ गाड्या, आणि लगेच छापील किमतीच्या कितीतरी पट भाव सांगितले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी पोर्शेने जीटी३ टूरिंग ही गाडी आरसारख्याच मॅन्युअल गिअरसह आणली आणि आरचे भाव उतरले. जॅग्वार एक्सजे२२० या स्पोर्ट्स कारसाठी नफ्याच्या आशेने डिपॉझिट भरलेले कित्येक जण, १९९२ मध्ये गाड्या मिळू लागल्या तोवर बाजार बसल्यामुळे, करारातून सुटायची धडपड करत होते.

माझं डिपॉझिट वकिलाच्या नोटिशीनंतर परत आलं, व्याजाशिवाय. सेडान तोट्यात विकली. नोटिशीत सगळ्यात उपयोगी पडला तो त्या मॅनेजरने पाठवलेला एक मेसेज, ज्यात ‘छापील किमतीत’ हे शब्द होते. तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी “आपलं असं ठरलं” एवढं लिहून पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. माझ्या नोटिशीचा मसुदा कुणाला हवा असेल तर देईन.