झोनिंगचे 5,200 डॉलर घेतले, आणि डक्टमध्ये झडपच नव्हती

आमचं घर अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत, दुमजली. बेसमेंटमध्ये हिवाळ्यात घर तापवणारी एकच फर्नेस, बाहेर तीन टनाचा एसी आणि थर्मोस्टॅटही एकच, खालच्या हॉलमध्ये. अशा घरात उन्हाळ्यात काय होतं ते इकडे राहणाऱ्यांना माहीत आहे. खाली 72 फॅरनहाइट झालं की मशीन थांबतं, आणि वरच्या बेडरूम 80च्या खाली येत नाहीत. गेल्या वर्षी नाशिकहून आई सहा महिन्यांसाठी येणार होती आणि तिची खोली वर. म्हणून मे महिन्यात आम्ही झोनिंग करून घ्यायचं ठरवलं.

कल्पना साधी आहे. मशीन तेच ठेवायचं, पण वर जाणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांमध्ये, मोटारीवर चालणारी एकेक झडप बसवायची. तिला डॅम्पर म्हणतात. प्रत्येक मजल्याला स्वतःचा थर्मोस्टॅट. वरच्या थर्मोस्टॅटने थंड हवा मागितली की बेसमेंटमधलं पॅनल खालची झडप बंद करतं आणि सगळी हवा वर पाठवतं. खालच्याने मागितली की उलट.

ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर आला. पंधरा मिनिटं घरभर फिरला, 6,000 सांगितले. परमिटचं, म्हणजे टाऊनशिपच्या (इथल्या नगरपालिकेच्या) परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "कशाला त्या भानगडीत पडता? इन्स्पेक्टर येणार, महिनाभर काम अडकणार, वर टॅक्स वाढणार. परमिट नको असेल तर 800 कमी करतो." आम्ही हो म्हटलं. करार नाही, लायसन्स नंबर नाही, अर्ध्या पानावर हाताने लिहिलेला आकडा. एका दिवसात काम झालं. जाताना त्याने पॅनल दाखवलं: दोन झोन, दोन हिरवे दिवे. वरच्या थर्मोस्टॅटवर तापमान कमी केलं की एक दिवा लागायचा, खालच्यावर केलं की दुसरा. आमची खात्री पटली.

जुलैत उकाडा सुरू झाला आणि वरचा थर्मोस्टॅट मशीनला तासन्‌तास पळवू लागला. वर 79, खाली 65. आई रात्री खाली सोफ्यावर शाल गुंडाळून झोपायची, कारण वर घामाने झोप लागत नव्हती. "अगं, मला चालतंय," म्हणायची. ते ऐकून माझ्या पोटात कालवायचं. विजेचं बिल 190 वरून 310 वर गेलं. कॉन्ट्रॅक्टर आधी "सिस्टीमला सेट व्हायला वेळ लागतो" म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या, लायसन्स असलेल्या माणसाला बोलावलं. त्याने आधी टिश्यू पेपर मागितला. फक्त वरचा झोन चालू ठेवला आणि खालच्या व्हेंटवर, म्हणजे हवा येते त्या जाळीवर, तो कागद धरला. कागद जोरात फडफडला. झडप बंद असती तर तो जेमतेम हलला असता. मग बेसमेंटमध्ये जाऊन त्याने खालच्या डक्टवरची मोटार काढली. चार स्क्रू निघाले आणि ती अख्खी हातात आली. मागे झडप फिरवणारा दांडा नाही, पत्र्याला भोकसुद्धा नाही. आतला पत्रा अगदी कोरा. नुसता डबा वरून ठोकला होता! वरच्या डक्टवरचा डॅम्पर तेवढा खरा होता. म्हणजे वरचा झोन मागणी करायचा तेव्हाही निम्म्याहून जास्त हवा खालीच जात होती. आणि दिव्याचं म्हणाल, तर आमच्या पॅनलवरचा दिवा फक्त हुकूम दिल्याचं सांगतो, झडप हलली की नाही ते त्याला कळत नाही.

त्याने पुढे जे सांगितलं ते मला जास्त गंभीर वाटलं. दोन्ही झडपा खऱ्या असत्या तरी काम चुकलंच असतं. एका टनाला साधारण 400 सीएफएम (मिनिटाला 400 घनफूट) हवा लागते, म्हणजे आमच्या मशीनला 1,200. आमचा एसी एकाच वेगाचा आहे, आणि वरच्या डक्ट तेवढी हवा घेण्याएवढ्या मोठ्या नाहीत. हवा कोंडली की दाब वाढतो आणि हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो. हिवाळ्यात फर्नेस तापून सेफ्टी स्विचवर बंद पडते. म्हणून झोनिंगच्या आधी डक्ट मोजाव्या लागतात, हवेचा दाब तपासावा लागतो. आमच्याकडे आलेल्या माणसाने टेपसुद्धा काढली नव्हती.

न्यू जर्सीत घराच्या दुरुस्ती-सुधारणेच्या 500 डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार लागतो, आणि त्याची प्रत मिळाल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. एसी-फर्नेसच्या कामाला राज्याचं लायसन्स लागतं, आणि ते ऑनलाइन तपासता येतं. परमिट काढलं असतं तर टाऊनशिपचा इन्स्पेक्टर येऊन काम बघून गेला असता. त्या 800 डॉलरच्या सवलतीत नेमकं तेच टाळलं गेलं.

कन्झ्युमर अफेअर्सकडे, म्हणजे राज्याच्या ग्राहक विभागाकडे, फोटोंसकट तक्रार केली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्याकडे झोनिंग झालं असेल तर आज एकच झोन चालू ठेवा आणि बंद असलेल्या झोनच्या व्हेंटवर टिश्यू धरून बघा. मग बेसमेंटमध्ये जा. बऱ्याच डॅम्परच्या दांड्याच्या टोकाला झडपेची दिशा दाखवणारी खूण असते. झोन बदलताना ती फिरते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.