एक घोडा, तीन माणसं, एक मुक्काम: पुण्यातून परवडणारी, घोडा न्यायची गाडी कोणती घ्यावी?

पुण्याहून सारंगखेड्याच्या यात्रेला घोडा न्यायचा तर नाशिक-धुळे मार्गाने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता पडतो. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे घोडा असलेली गाडी ताशी ३५ किलोमीटरच्या वर न्यायची नाही. म्हणजे नुसतं चालवण्यातच बारा तास गेले, आणि दर तीन-चार तासांनी पाणी पाजायला थांबायचं ते वेगळंच. हे एका दिवसात उरकू नये. वाटेत मुक्काम पडतो, आणि अनोळखी जागी घोडा बांधून माणसांनी लॉजवर झोपायला जाणं धोक्याचं. झोपायची सोय असलेली घोड्याची गाडी हवी ती एवढ्यासाठी. या गरजेला धरूनच इथे तीन गाड्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत: पिकअप, टाटा ४०७ च्या वर्गातली दहा फुटी हौद्याची, आणि चौदा फुटी हौद्याची.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. इंटरनेटवर दिसणाऱ्या सुबक, छोट्या, घोडा नेणाऱ्या मोटारगाड्या बहुतेक ब्रिटनमधल्या असतात आणि त्या ३.५ टनांच्या असतात. तिथे १ जानेवारी १९९७ पासून मिळालेल्या साध्या कार-लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून घोडा, पलंग, ओटा सगळं त्या वजनात कोंबलेलं असतं. आपल्याकडे ही मर्यादा नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘लहान घ्यायची कारण लायसन्स लहान’ हे कारण पुण्यात लागू होत नाही. आमच्या मते इथूनच निम्मा निर्णय बदलतो.

आधी घोड्याची जागा, मग पलंग

केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-ई मध्ये एका घोड्यासाठी किमान २.२५ चौरस मीटर जागा आणि कायमस्वरूपी पार्टिशन सांगितलं आहे. अडीच मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद खण केला की हे माप बरोबर बसतं. उंचीसाठी घोड्याच्या खांद्यापासून वर निदान ६० सेंटिमीटर मोकळे हवेत. सोळा हातांचा (घोडा मोजताना एक हात म्हणजे चार इंच) थरोब्रेड खांद्याला साधारण १६३ सेंटिमीटर भरतो, म्हणजे आतून सव्वादोन मीटर उंची लागते. भीमथडी किंवा लहान चणीच्या मारवाडीला त्याहून कमी चालते, पण पुढे मोठा घोडा घ्यायचा विचार असेल तर बॉडी आत्ताच उंच बांधून घ्या. नंतर छत उचलणं म्हणजे बॉडी पुन्हा बांधणंच.

आता लांबीचा हिशोब. दहा फुटी हौदा म्हणजे ३.०५ मीटर. त्यातून अडीच मीटर घोड्याचे गेले की ५५ सेंटिमीटर उरतात. त्यात खोगीर-लगाम, पाण्याची टाकी आणि खाद्याचं पिंप बसतं, माणूस झोपत नाही. चौदा फुटी हौदा ४.२७ मीटरचा. घोड्याचा खण आणि मधली भिंत वजा करून साधारण १.६५ मीटर उरतात. तेवढ्यात आडवा १.२ मीटर रुंद पलंग, खाली कपाट आणि दाराशी छोटा ओटा येतो.

पिकअप

बोलेरो पिकअप, टाटा इंट्रा किंवा अशोक लेलँड बडा दोस्त या वर्गातली गाडी. नवी घेतली तरी किंमत दहा लाखांच्या अलीकडे-पलीकडे, सुटे भाग कुठेही मिळतात, पेठेतल्या गल्लीतही वळते. हौदा जमिनीपासून कमी उंच असल्यामुळे रॅम्प सौम्य पडतो, आणि नवख्या घोड्याला याचा मोठा आधार वाटतो.

अडचण वजनाची आणि रुंदीची आहे. हिशोब मांडून बघा. बंद बॉडी आणि रॅम्प मिळून बांधणीनुसार ५०० ते ७०० किलो, ६०० धरू. घोडा ४५०, तीन माणसं २१०, पाणी ८०, चारा-खाद्य ४०, खोगीर-सामान ६०, बॅटरी आणि स्वयंपाकाचं ६०. बेरीज १५०० किलो. सव्वा-दीड टन क्षमतेच्या पिकअपवर हे ओझं नियमाबाहेर किंवा अगदी काठावर जातं. १.७ टनी गाडीवर २०० किलो हाताशी राहतात. कमी क्षमतेच्या गाडीला स्प्रिंगचे जादा पाटे टाकून ‘मजबूत’ करून देणारे भेटतील. पाट्यांनी गाडी खाली बसायची थांबते. पण ब्रेक, टायर आणि ॲक्सल तेच राहतात, आणि आरसीवरचं एकूण वजनही तेच राहतं.

रुंदीचं म्हणाल तर पिकअपचा हौदा आतून १.६ मीटरच्या आसपास उरतो. केबिनच्या टपावर माळा काढून आडवा पलंग केला तरी साडेपाच फुटी माणसाचे पाय दुमडलेलेच राहतात. अरुंद चाकांवर उंच बॉडी, वर माळा आणि आत वळणावर स्वतःचं वजन एका कुशीवर टाकणारा घोडा, हे दिवे घाटात किंवा खंबाटकीत जाणवतं.

मग काहीजण सुचवतात की रात्री घोडा बाहेर बांधायचा, खण धुवायचा आणि तिथेच गादी टाकायची. आम्ही हे सुचवणार नाही. लिदीतून धनुर्वाताचे जंतू येतात, मुताचा अमोनिया रबर मॅटखाली तासन्‌तास राहतो, आणि मुक्कामावर मॅट उचलून धुवायला पाणी कुठलं? शिवाय काढता-घालता येणारं पार्टिशन नियमातल्या ‘कायमस्वरूपी’ या अटीला धरून नाही.

पिकअप कुणासाठी योग्य? एक लहान चणीचा घोडा, पुण्याच्या आसपास दिवसात जाऊन-येऊन होणाऱ्या फेऱ्या, आणि वर्षातून एखादा मुक्काम तोही गाडीशेजारी तंबू ठोकून. तेवढ्यासाठी ती उत्तम आहे.

४०७ आणि तिच्या बरोबरीच्या

दहा फुटी हौदा, पण रुंदी सहा फुटांच्या आसपास. ४०७ गोल्डचं एकूण वजन ४४५० किलो आहे, त्यामुळे वरचा दीड टनांचा हिशोब इथे आरामात बसतो. खाली जागा तेवढीच असल्याने पलंग केबिनच्या टपावरच्या माळ्यावर जातो. आडवं झोपायला जेमतेम १.८ मीटर मिळतात, उंच माणसाने तिरकं झोपायचं. माळ्याची उंची गादीपासून छतापर्यंत ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नका आणि पुढच्या बाजूला जाळीची खिडकी हवीच. नाहीतर एप्रिल-मेमध्ये वर झोपणं अशक्य. माळा बांधताना त्याचं वजन केबिनच्या पत्र्यावर टेकवू नये. चौकट हौद्याच्या पुढच्या भिंतीतून पुढे काढून खालून तिरपे आधार द्यायचे. केबिनवर टेकवलेला माळा खड्ड्यांत पत्रा चेपतो आणि पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या वरून गळायला लागतो.

गाडी उभी करायची जागा तोकडी असेल किंवा पागेचा रस्ता अरुंद असेल तर ही मधली निवड पटते. जुन्या ४०७ बाजारात भरपूर, आणि तिचं काम न येणारा मेकॅनिक महाराष्ट्रात सापडणं कठीण.

चौदा फुटी

आयशर, टाटा, अशोक लेलँड यांच्या ७५०० किलोच्या आतल्या गाड्या. आमचा कौल हिलाच, आणि तोही जुन्या, चांगल्या स्थितीतल्या गाडीला. कारण साधं आहे: घोडा एका खोलीत, माणसं दुसऱ्या खोलीत, मध्ये पक्की भिंत, आणि माळ्याची गरजच नाही. वजन खाली राहतं, गाडी वळणावर कमी झुलते.

हौद्याची आतली रुंदी १.९ मीटर मिळाली तर घोडा गाडीच्या लांबीशी सुमारे ३० अंश तिरपा उभा करता येतो आणि तरी लांबी अडीच मीटरच लागते. तिरप्या उभ्या घोड्याला ब्रेक लागताना चारही पायांवर तोल सावरता येतो. तोंड डावीकडे ठेवा. १९७८ च्या नियमांतही तेच आहे, कारण आपल्याकडे ओलांडून जाणारी वाहनं उजवीकडून जातात आणि त्यांच्या हॉर्नने, दिव्यांनी जनावर बुजतं. मागच्या बाजूला दोन भक्कम आडवे दांडे आणि भिंतींना गादी हेही नियमातच आहे.

हिच्या उण्या बाजूही खऱ्या आहेत. हौदा उंच असतो, म्हणून रॅम्प उभा पडतो. हौदा जमिनीपासून ८५ सेंटिमीटर आणि रॅम्प २.२ मीटर असेल तर चढ सुमारे २३ अंशांचा; हौदा एक मीटर उंच असेल तर तोच २७ अंश होतो. पंचवीस अंशांच्या वर बरेच घोडे अडतात. उपाय म्हणजे दुमडता, दोन भागांचा लांब रॅम्प, किंवा गाडीची मागची बाजू बांधाकडे, उंचवट्याकडे लावून चढवणं. पागेत मातीचा धक्का करून घेतला तर घरचा प्रश्न कायमचा सुटतो. रॅम्पवर दर २५ ते ३० सेंटिमीटरला आडव्या पट्ट्या ठोका, वर रबर लावा. नुसती चेकर्ड प्लेट ओली झाली की नालाखाली साबणासारखी होते. डिझेल जास्त, टोल जास्त, आणि सोसायटीत ती उभी करू देणार नाहीत. पण घोडा सोसायटीत नसतोच. गाडीही पागेतच राहावी.

ट्रेलरचा विचार थोडक्यात. एका घोड्याचा भरलेला ट्रेलर दीड टनांच्या घरात जातो. ओढणाऱ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा ओढायचा हे लिहिलेलं नसेल तर तिथेच थांबा. नोंदणी वेगळी करावी लागते, आणि घाटात ट्रॅफिक अडलं की मागे घेणं हे रोजच्या सवयीशिवाय जमत नाही.

जुनी गाडी बघताना

तळ पहिला. मॅट उचलायला लावा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं. टोकदार स्क्रू ड्रायव्हरने फळ्या कडेला आणि ड्रेनजवळ टोचून बघा. मूत मॅटखाली जाऊन प्लायच्या न रंगवलेल्या कडांतून आत शिरतं, वरून तळ ठणठणीत दिसतो आणि खालून कुजलेला असतो. नवा तळ करायचा तर २५ मिलिमीटरच्या कठीण लाकडाच्या फळ्या घ्या, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मापाने कापून मिळतात. चारही कडा इपॉक्सीने बंद करा, मग वर मॅट. मग गाडीखाली जा: आडव्या पट्ट्या, बॉडीचे यू-बोल्ट आणि रॅम्पच्या बिजागऱ्या गंजाने पातळ झाल्या आहेत का ते हातोडीने वाजवून कळतं.

फिटनेसची तारीख वाहन पोर्टलवर बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावा लागतो. बीएस-६ डिझेल घेत असाल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे का विचारा. सतत ३५ च्या वेगाने आणि मग आठवडेच्या आठवडे उभी, या वापरात फिल्टर काजळीने भरतो. महिन्यातून एकदा रिकामी गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळवणं हा त्यावरचा स्वस्त इलाज.

कागद

बॉडीवाल्याला बयाणा देण्याआधी आराखडा घेऊन आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही. जनावरांच्या गाडीसाठी १२५-ई खाली वेगळा परवाना लागतो, आणि अशा गाडीतून दुसरा माल नेता येत नाही. म्हणजे ‘मधल्या दिवसांत भाडी मारून हप्ता निघेल’ हा हिशोब वहीतून खोडून टाका. पलंग, ओटा आराखड्यात जोडणीचा भाग म्हणून दाखवा आणि मंजूर आराखड्याची प्रत विमा कंपनीला द्या. गाडी चालत असताना मागच्या खोलीत कुणीही बसायचं नाही; चालक, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) आणि स्वार तिघेही केबिनमध्ये. प्रत्येक प्रवासाला पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला सोबत ठेवा, आणि यात्रेला जाताना ग्लँडर्सच्या (घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या) रक्तचाचणीचा अहवालही.

माणसांची खोली

मधली भिंत १८ मिलिमीटर प्लायची, घोड्याच्या बाजूने १.२ मीटर उंचीपर्यंत लाथ सोसेल असा पत्रा आणि रबर. सांधे सिलिकोनने बंद, म्हणजे अमोनिया इकडे येत नाही. गॅसची छोटी टाकी बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, तळाशी भोक ठेवून. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी दोन पंखे आणि दिवे दोन रात्री सहज चालवते. ती इंजिनाच्या बॅटरीला थेट जोडू नका. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, नाहीतर पहाटे गाडीच सुरू होत नाही. घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, म्हणून ८० लिटरची टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे, खालच्या बाजूला बसवा.

पैसे देण्यापूर्वी शेवटचं काम: पूर्ण सामान, पाणी आणि घोड्यासह गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन पावती करा, मग पूर्ण गाडी. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मागच्या ॲक्सलवरचा भार निघतो. एकूण आकडा आरसीशी आणि दोन्ही ॲक्सलचे आकडे कंपनीच्या पट्टीवरच्या मर्यादेशी ताडून बघा. मागचा भार जास्त निघाला तर टाकी आणि चाऱ्याची पेटी पुढे सरकवून पुन्हा मोजा.