शारास की नावारो: गार्डनं कुणाचे सामने बघावेत?

बास्केटबॉलमध्ये गार्ड (चेंडू हाताळणारा, बास्केटपासून लांब खेळणारा गडी) खेळता आणि युरोपातले जुने सामने बघून शिकायचं म्हणता, तर कधीतरी हा प्रश्न येतोच: स्पेनचा हुआन कार्लोस नावारो की लिथुआनियाचा शारुनास यासिकेविचियस, म्हणजेच शारास? मी दोघांच्याही नादी लागून झालोय, म्हणून सांगतो.

नावारो बघायला सोयीचा. मेम्फिसमधला एक हंगाम सोडला तर 1997 ते 2018 बार्सिलोना एके बार्सिलोना. उंच सेंटरच्या (बास्केटजवळ उभा राहणाऱ्या गड्याच्या) हातावरून अलगद सोडलेला त्याचा तो 'ला बॉम्बा' शॉट बघत बसलं की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. शारासचं मात्र विंचवाचं बिऱ्हाड. विल्नियस, ल्युब्लियाना, बार्सिलोना, तेल अवीव, मध्ये दोन वर्षं अमेरिकेतली एनबीए लीग, मग अथेन्स, इस्तंबूल, आणि शेवटी 2013-14ला जन्मगाव कौनास. दर वेळी जर्सी वेगळी, समालोचनाची भाषा वेगळी. सामने शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

तरी मी शारासकडे वळलो, ते एका फालतू वाटेल अशा कारणानं. नावारो चेंडूविना पळायचा आणि त्याला मोकळं करायला दोन-दोन स्क्रीन लागायच्या, म्हणजे सोबत्यानं बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहायचं. आमच्या ग्राउंडवर स्क्रीन लावतंय कोण! सगळ्यांना चेंडू हवा. दोन महिने मी बेसलाइनवरून येरझाऱ्या घातल्या. मला धरणारा गडी शेजारून गप्पा मारत पळायचा, पास काही यायचा नाही. वीस वर्षं एकाच क्लबात काढली की संघ तुमच्यासाठी पळतो. आमच्याकडे रविवारी कोण उगवणार हेच ठाऊक नसतं.

शारासचा जन्म अशा अनोळखी मंडळींतच गेला. तेल अवीवला सेंटर वुयचिच, अथेन्सला बटिस्ट आणि पेकोविच. सेंटर बदलले, पिक अँड रोलमधला (सेंटर स्क्रीन लावून बास्केटकडे वळतो, तेव्हाचा) पास तोच. युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, त्यानं 2003ला बार्सिलोनाकडून (नावारोच्या सोबतीनं), 2004 आणि 2005ला तेल अवीवच्या मक्काबीकडून, 2009ला अथेन्सच्या पनाथिनाइकोसकडून जिंकली. शिवाय पायानं धीमा, म्हणजे तुमच्याआमच्यातलाच.

बचावात ढिला होता, तेवढं उचलू नका. आणि तुमचा संघ पक्का असेल, नेम चांगला असेल, तर नावारोच बरा. मी वाद घालणार नाही. नसेल, तर 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमधला लिथुआनिया-अमेरिका सामना लावा. लिथुआनिया 94-90नं जिंकला, शारासचे 28 गुण. शेवटची काही मिनिटं दोनदा बघा.