आरसी टूरिंग कार किट, आठ महिन्यांनंतर: बेअरिंग आधी घ्या

मार्चमधल्या एका रविवारी, पाच मिनिटांच्या हीटमधलं, म्हणजे शर्यतीच्या एका डावातलं, तिसरं मिनिट चालू असताना माझ्या रिमोटवरच्या (आरसी) छोट्या गाडीचं पुढचं डावं चाक डुगडुगायला लागलं. पुढच्या फेरीत गाडी डावीकडे ओढायला लागली आणि मागच्या वळणावर उभीच राहिली. मार्शलने उचलून बाजूला ठेवली. टेबलावर आणून चाक काढलं. आत धुऱ्याला आधार देणारा प्लॅस्टिकचा बुश असतो, त्याचं भोक गोल राहिलंच नव्हतं. अंड्यासारखं लांबट झालं होतं आणि कडेला ग्रीस आणि धुळीचा काळा चिखल. नखाने खरवडला तर चिखलाबरोबर प्लॅस्टिकचा भुगा निघाला. साडेसोळा हजारांचं किट (सुटे भाग आपणच जुळवायचे), वापर तीन महिन्यांचा, तोही रविवारी जेमतेम वीस मिनिटं.

गाडी नेहमीचीच, १:१० म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची टूरिंग, शाफ्ट ड्राइव्ह (मोटरची ताकद दांड्यामार्फत चाकांना जाते), ५४० मापाची साधी ब्रश मोटर. किटमध्ये काय येतं आणि काय वेगळं घ्यावं लागतं ते इथे लिहीत नाही. मला लिहायचंय ते या बुशबद्दल.

खरं तर हे किट मी भाच्यासाठी घेतलं. तो नववीत. दोन रविवार मी त्याला भांडुपहून ट्रॅकवर सोडायला गेले, तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "मावशी, नुसती उभी काय राहतेस, एक बॅटरी पॅक तू चालव." चालवला, आणि तेव्हापासून गाडी दोघांची आहे. क्लब म्हणजे एका बंद आवाराचं पार्किंग. सकाळी सातला सगळे मिळून झाडू मारतात, पाइप टाकून वळणं आखतात, ऊन चढायच्या आत आवरतं घेतात. नवशिक्यांच्या वर्गात सगळ्यांना तीच ५४० मोटर आणि रबरी टायर. ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली जास्त वेगवान मोटर, चालत नाही. बेअरिंग, म्हणजे बुशच्या जागी बसणाऱ्या, आत गोळ्या असलेल्या धातूच्या कड्या, चालतात. स्वतःची हीट झाली की पुढच्या हीटला ट्रॅकवर मार्शल म्हणून उभं राहायचं, उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. हा नियम मला फार आवडला. चालवताना जे कळत नाही ते मार्शल म्हणून वळणावर उभं राहिलं की दिसतं: चांगला चालवणारा वळणाच्या बराच आधी ट्रिगर सोडतो, गाडी वळू देतो आणि तोंड सरळ झाल्यावरच परत दाबतो.

पहिला महिना माझ्या गाडीचं बूड प्रत्येक वळणावर घसरून सुटायचं. मी सरळ गाडीला दोष दिला. क्लबमधल्या एका काकांनी रिमोट हातात घेतला आणि त्याच गाडीच्या, त्याच टायरवर सहा फेऱ्या मारल्या. एकदाही सुटली नाही. मग ते म्हणाले, "ताई, तुमचं बोट एकतर पूर्ण दाबलेलं असतं नाहीतर पूर्ण सोडलेलं. मधलं काही नाही." तेव्हा गाडीच्या वळण्याबद्दलची तक्रार मी मागे घेते. गाडी आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, ते अंगवळणी पडायला मला सहा रविवार लागले. भाच्याला दोन.

बुशची तक्रार मात्र मागे घेणार नाही.

प्लॅस्टिकचा बुश स्वच्छ हॉलमध्ये, गुळगुळीत फरशीवर कदाचित बरीच वर्षं टिकेल. आपल्याकडे निम्म्या मुंबईत बांधकाम चालू आहे. पार्किंग कितीही झाडलं तरी सिमेंटची बारीक धूळ उडतेच. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी बुशला ग्रीस लावलं होतं. ती धूळ ग्रीसमध्ये रुतली आणि पॉलिश पेपरसारखी प्लॅस्टिक घासत राहिली. चाक जड फिरतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते, पॅक लवकर बसतो. फेब्रुवारीत हीट संपल्यावर मोटरला बोट लावलं तर टेकवत नव्हतं. मला वाटायचं ५४० अशीच तापते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आलं: वापरामुळे झालेली झीज, वॉरंटीत बसत नाही. मी वॉरंटी मागितलीच नव्हती. मी विचारलं होतं की विकताना, इतके प्रश्न विचारूनसुद्धा, बेअरिंग घ्याव्या लागतील हे एका शब्दाने का सांगितलं नाहीत. त्यावर त्यांनी बेअरिंग सेटचा भाव पाठवला, १८५० रुपये. पुढे फोनवर माझा आवाज चढला, हे मान्य करते. चढायलाच हवा होता. परदेशी खेळणं महाग का, हे मला कळतं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. पण बेअरिंग हे काही खेळणं नाही. पंख्यात असते, मिक्सरमध्ये असते.

म्हणून घासलेला बुश आणि एक न घासलेला, दोन्ही पर्समध्ये टाकले आणि शनिवारी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने चांगला बुश व्हर्नियरमध्ये (मोजमापाच्या चिमट्यात) धरला, आतून, बाहेरून, जाडीला, आणि न बघताच मागच्या खणात हात घातला. "पाँच, ग्यारह, चार. एमआर एक सौ पंद्रह." आतला व्यास ५ मिलिमीटर, बाहेरचा ११, रुंदी ४. एमआर११५ हा जगभर चालणारा नंबर, कुठल्याही बेअरिंगवाल्याला सांगा. एक ३५ रुपयांना. चाकाला दोन, म्हणजे चार चाकांना आठ, २८० रुपये. गिअरबॉक्ससाठीच्या पुढच्या पगारावर घेतल्या.

बसवण्याआधी मला नक्की फरक बघायचा होता. मोटर काढून ठेवली, देवासमोरचा पाट एका बाजूने डब्यावर टेकवून उतार केला आणि गाडी वरून सोडली. बुशवर हॉलच्या तीन लाद्या गेली. आठ बेअरिंग बसवून तोच पाट, तोच डबा: सात लाद्या. भाच्याने पाच वेळा करून बघितलं. पुढच्या रविवारी त्याच हीटमध्ये माझ्या एकोणीस फेऱ्या झाल्या, आधी सतरा व्हायच्या. मोटरला बोट टेकवता आलं.

एक सूचना: स्क्रू खोलताना घरातला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर वापरू नका. या किटचे स्क्रू जपानी मानकाचे, जेआयएस. फिलिप्सचं टोक त्यात नीट बसत नाही, घसरून वर येतं आणि स्क्रूचं डोकं खातं. माझे चार गेले. जेआयएसचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर घेणं हा फालतू खर्च नाही. आणि प्लॅस्टिकमध्ये स्क्रू आवळताना हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबा, नाहीतर आटे जातात.

इथपर्यंतचं मी एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी "कुठलीही एमआर११५ घ्या, सगळ्या सारख्या" असं वाक्य होतं. ते आता खोडलंय.

जूनमध्ये पाऊस लागला, ट्रॅक बंद झाला, गाडी कपाटावर गेली. परवा, ऑगस्टमध्ये काढली तर पुढची दोन्ही चाकं फिरवताना करकरत होती. बेअरिंग काढून बोटावर फिरवली: आत वाळू असल्यासारखी, एकीच्या कडेला तांबूस गंज. मी घेतलेल्या झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. ते झाकण आतल्या कड्याला टेकत नाही, बारीक फट राहते, त्यातून धूळही जाते आणि पावसाळी दमटपणाही. रबरी सीलच्या येतात, त्यांच्या नंबरापुढे २आरएस लिहिलेलं असतं. सील टेकत असल्यामुळे त्या किंचित जड फिरतात, पण धूळ अडवतात. नवशिक्यांच्या वर्गात तेवढ्या जडपणाने काही बिघडत नाही. पुढच्या चाकांना आता त्याच घातल्या, एक ५० रुपयांना. करकरणाऱ्यांपैकी गंज नसलेल्या रॉकेलमध्ये धुऊन, सुकवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाकून मागच्या चाकांना लावल्या. मऊ फिरतायत.

बॅटरीबद्दलही मत बदललं. जानेवारीत मी सगळ्यांना लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घ्या म्हणत होते. पहिल्या सहा महिन्यांना ७.२ व्होल्टचा निकेल पॅक पुरतो. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, पूर्ण भरून महिनोन् महिने ठेवायचा नाही, साठवताना ३.८ च्या आसपास आणायचा. ही शिस्त अंगी बाणायच्या आत माझा पहिला पॅक पावसाळ्यात कपाटात भरलेला राहिला आणि फुगला. टाकून द्यावा लागला, त्याचं फार वाईट वाटलं.

तरी किट घ्या. नवीन घ्या किंवा क्लबमधल्या कुणाचं जुनं, पण विचारायचा पहिला प्रश्न "बेअरिंग आहेत का?" हाच. नसतील तर गाडी बांधण्याआधी नागदेवीला जा, एकदा जुळवलेली गाडी परत उकलण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. घासलेला तो बुश मी फेकलेला नाही. कुंकवाच्या रिकाम्या डबीत, टूलबॉक्समध्ये आहे. ऑक्टोबरात ट्रॅक सुरू झाला की पार्किंगच्या गेटजवळच्या टेबलावर आम्ही दोघं असू. किट घ्यायच्या विचारात असाल तर आधी येऊन तो हातात घेऊन बघा.